फक्त ११,२०० मैल चाललेली बॉक्सस्टर घ्यावी का?

प्रश्न : माझे वय ४८, राहणार एडिसन, न्यू जर्सी. सांगलीला इंजिनिअरिंगला असल्यापासून उघड्या छताची, दोन आसनांची गाडी घेण्याची इच्छा आहे. आता मुलगी कॉलेजला गेली आहे आणि घराचे हप्तेही फिटत आले आहेत. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २००४ ची पोर्शे बॉक्सस्टर एस विकायला आहे : चंदेरी रंगाची, सहा गिअरची मॅन्युअल, पहिल्याच मालकाकडे असलेली आणि अवघी ११,२०० मैल चाललेली. मालक वृद्ध आहेत. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते आणि दर रविवारी ते ती दहा मिनिटे जागच्या जागी सुरू करून ठेवतात. मागणी २७,५०० डॉलरची आहे. त्याच वर्षाची दुसरी एक बॉक्सस्टर एस आमच्या जवळच १६,५०० डॉलरना मिळते आहे. ती ६२,००० मैल चालली आहे, पण दुरुस्तीच्या पावत्यांची जाड फाइल सोबत आहे आणि दोन वर्षांपूर्वी क्लच, पाण्याचा पंप व आयएमएस बेअरिंग बदलल्याची नोंद त्यात आहे. मी वर्षाला साधारण ४,००० मैल चालवीन. सहकारी म्हणतात, इतकी कमी चाललेली गाडी पुन्हा मिळणार नाही. पत्नी म्हणते, वीस वर्षांत जी चालली नाही ती आपल्याकडे येऊन कशी चालेल? कोणाचे ऐकावे?

उत्तर :

स. न. वि. वि.

आपल्या पत्नींचे ऐकावे. आपला नियोजित वापर आणि मागितलेली किंमत पाहता ११,२०० मैलांची गाडी आहे त्या भावाने घेऊ नये, आणि ६२,००० मैलांची गाडी तपासणीत उतरली तर ती घ्यावी, असे माझे मत आहे. तरीही पहिली गाडी एकदा नीट तपासून पाहायला हरकत नाही, कारण एक-दोन गोष्टी अनुकूल निघाल्या तर हे मत बदलू शकते. त्या कोणत्या, ते पुढे सांगतो.

आपले सहकारी सर्वस्वी चुकीचे बोलत आहेत असे नाही. कमी चाललेल्या गाडीचा रंग दगडांच्या टवक्यांपासून वाचलेला असतो, आसनांचे कातडे कडेला झिजलेले नसते, क्लच आणि गिअरबॉक्सची झीज नगण्य असते, आणि दार लावताना येणारा आवाजसुद्धा नव्या गाडीसारखा घट्ट असतो. माणूस भुलतो तो याच गोष्टींना, आणि भुलण्यात काही गैर नाही. मात्र अंतरमापक फक्त झीज मोजतो. रबर, प्लास्टिक, तेल, ब्रेकचे द्रव, कूलंट आणि टायर यांचे वय गाडी उभी असतानाही वाढत राहते, आणि त्यांतील काही भाग तर उभ्या गाडीतच अधिक लवकर बिघडतात. पत्रात आपण गाडीचे मैल सांगितले आहेत, पण ती कशी उभी राहिली याविषयी एकच वाक्य लिहिले आहे, रविवारच्या दहा मिनिटांचे. नेमके त्याच वाक्याने मी थबकलो.

त्याचे कारण समजण्यासाठी या इंजिनाची एक खोड माहीत असायला हवी. २००४ च्या बॉक्सस्टर एसमध्ये आसनांच्या मागे ३.२ लिटरचे, सहा आडव्या सिलिंडरांचे इंजिन आहे. त्यात क्रँकशाफ्टची गती साखळ्यांवाटे कॅमशाफ्टपर्यंत पोचवणारा एक मधला शाफ्ट असतो, आणि त्याचे फ्लायव्हीलकडील टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरते. हेच ते आयएमएस (इंटरमीजिएट शाफ्ट) बेअरिंग. ग्रीस भरून सीलबंद केलेले हे बेअरिंग इंजिन ऑइलमध्ये असते. वर्षानुवर्षांनंतर सील कडक होते, आतले ग्रीस धुऊन जाते, त्याच्या जागी थोडे ऑइल शिरते आणि तिथेच अडकून पडते. ते ऑइल जर ओलावा आणि पेट्रोलचा अंश मिसळून खराब झालेले असेल, तर गोळ्यांच्या पृष्ठभागाला खड्डे पडू लागतात. बेअरिंग फुटले की शाफ्ट जागेवरून हलतो, कॅमशाफ्टचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. मालिकेच्या आरंभीच्या गाड्यांत दुहेरी ओळीचे बेअरिंग होते. २००० च्या सुमारास त्याच्या जागी एकेरी ओळीचे आले आणि तेच सर्वांत दुबळे ठरले. ४ मे २००१ ते २१ फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या बॉक्सस्टर आणि पोर्शेच्याच '९११' या मॉडेलच्या गाड्यांबाबत अमेरिकेत सामूहिक दावा होऊन २०१३ मध्ये तडजोड झाली. आपण पाहत असलेल्या दोन्ही गाड्या याच काळातल्या आहेत, मात्र त्या तडजोडीतील भरपाईची मुदत केव्हाच संपली आहे.

यावरून प्रत्येक बॉक्सस्टरचे इंजिन फुटतेच असे कृपया समजू नये. एकेरी बेअरिंगच्या बाबतीत शंभरात आठ गाड्यांच्या आसपासचा आकडा सर्वसाधारणपणे सांगितला जातो, म्हणजे बहुसंख्य गाड्या सुखरूप आहेत. पण या गाड्यांची नित्य दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अनुभव असा आहे की, नियमित चालणाऱ्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या गाड्यांपेक्षा क्वचित चालणाऱ्या, थोड्या अंतराच्या फेऱ्या करणाऱ्या आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे बेअरिंग अधिक वेळा दगा देते. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर इथेही लागू पडते.

आता रविवारच्या दहा मिनिटांकडे येऊ. मालकांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु थंड इंजिन जागच्या जागी दहा मिनिटे चालवले तर सुमारे आठ लिटर ऑइल पुरेसे तापत नाही. जळणातून निर्माण झालेली वाफ आत पाणी होऊन साचते, थंड इंजिनाला जास्त लागणाऱ्या पेट्रोलचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो, सायलेन्सरमध्ये पाणी राहते, आणि गिअरबॉक्स, ब्रेक, चाकांची बेअरिंग यांना तर या व्यायामाचा काहीच लाभ होत नाही. गाडी महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट तापेपर्यंत चालवली असती, किंवा बॅटरीला चार्जर लावून संपूर्ण हिवाळा मुळीच सुरू केली नसती, तर या दोन्ही गोष्टी त्यापेक्षा बऱ्या ठरल्या असत्या. म्हणून आपला पहिला प्रश्न असा असावा : ऑइल कधी कधी बदलले? "गाडी चाललीच नाही, मग ऑइल कशाला बदलायचे?" असे उत्तर आले तर पुढची बोलणी किमतीवर येण्याआधीच थांबवलेली बरी. वर्षातून एकदा, मैल कितीही झालेले असोत, ऑइल व फिल्टर बदलल्याच्या पावत्या निघाल्या, तर मात्र या गाडीविषयीचे माझे मत बरेच सुधारेल.

हा प्रश्न विचारताना मालकांच्या सचोटीवर शंका घेतल्यासारखे वाटू देऊ नये, हेही आवर्जून सांगतो. वीस वर्षे जपलेली वस्तू विकणारा वृद्ध माणूस पैशांइतकाच ती कोणाकडे जाते याकडेही पाहत असतो. गाडीविषयी आपुलकीने बोलणाऱ्याला तो कपाटातली सगळी कागदपत्रे काढून दाखवील, आणि फोनवरच "शेवटचा भाव बोला" म्हणणाऱ्याला काहीच दाखवणार नाही.

तथापि कागदोपत्री मैलांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या संघराज्य नियमानुसार २०१० आणि त्यापूर्वीच्या मॉडेलच्या गाड्यांना मालकी हस्तांतराच्या वेळी अंतरमापकाचा आकडा जाहीर करण्याच्या बंधनातून सूट आहे, त्यामुळे टायटलवर, म्हणजे मालकीच्या दाखल्यावर, तो आकडा नसला किंवा 'सूट' असे लिहिलेले असले तरी ते बेकायदेशीर नसते, आणि असला तरी त्याला फारसे बळ नसते. पेनसिल्व्हेनियात गाडीची दरवर्षी सुरक्षा तपासणी होत आली आहे. त्या तपासण्यांच्या पावत्यांवर आणि जुन्या गाड्यांचा पूर्वेतिहास पुरवणाऱ्या कारफॅक्सच्या अहवालात बहुधा त्या त्या वर्षीचे मैल असतात. हे आकडे वर्षाला पाचशे-सहाशेच्या गतीने शिस्तीत चढत गेलेले दिसायला हवेत. मध्येच सहा-सात वर्षांची पोकळी असेल, तर त्या काळात गाडी कुठे आणि कशी होती, हे विचारून घ्यावे.

याहून भक्कम पुरावा गाडीच्या आतच आहे. २००३ पासूनच्या बॉक्सस्टरच्या इंजिन संगणकात इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते आणि पोर्शेचे निदानयंत्र असलेल्या कार्यशाळेत ती वाचता येते. त्याचा हिशेब असा मांडता येतो. ताशी सरासरी ३० मैल धरले तर ११,२०० मैलांना सुमारे ३७५ तास लागतात. दर रविवारी दहा मिनिटे म्हणजे वर्षाला नऊ तासांहून किंचित कमी, वीस वर्षांत सुमारे १७५ तास. दोन्ही मिळून ५५० तासांच्या आसपास आकडा निघाला तर मालक सांगतात ते खरे आहे, असे खुशाल धरून चालावे. तो १,५०० निघाला तर अंतरमापक तरी खोटा आहे किंवा हकिकत तरी. आणि गंमत अशी की हकिकत खरी ठरली, तरी तिचा अर्थ इतकाच होतो की या इंजिनाने आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा थंड ऑइलवर, जागच्या जागी घालवला आहे. त्याच नोंदीत इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले याचेही आकडे असतात. चुकीचा खालचा गिअर पडून इंजिन भलतेच वेगाने फिरले असेल तर ते तिथे उघड होते. दोन्ही गाड्यांचे हे अहवाल मागवावेत.

ही तपासणी विक्रेत्याच्या ओळखीच्या ठिकाणी न करता आपण निवडलेल्या, पोर्शेवर काम करणाऱ्या स्वतंत्र कार्यशाळेत स्वतःच्या खर्चाने करून घ्यावी. तिला चारपाचशे डॉलर लागतील, आणि सत्तावीस हजारांच्या व्यवहारात ते वाचवण्यात शहाणपणा नाही. ऑइल फिल्टर कापून कागदाच्या घड्यांत धातूची चमक आहे का ते पाहायला सांगावे. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथला सील पाझरतो का, मागच्या डिकीत असलेल्या कूलंटच्या प्लास्टिक टाकीला तडे आहेत का, समोरच्या रेडिएटरपुढे पानांचा कचरा कुजला आहे का, आणि उंदरांनी हवेच्या फिल्टरजवळ घरटे करून वायरी कुरतडल्या आहेत का, हेही पाहून घ्यावे. उभ्या गाडीत उंदीर हा विनोदाचा विषय नाही. चालकाच्या आसनाखालचा गालिचा हाताने दाबून ओल लागते का ते पाहावे, कारण छताच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथे उतरते, आणि चोरीरोधक यंत्रणेचा नियंत्रक नेमका त्याच आसनाखाली बसवलेला आहे.

गाडी पाहायला जाल तेव्हा ती आधी सुरू करून ठेवू नये, अशी मालकांना विनंती करावी. थंड इंजिन सुरू होताना जे दाखवते ते तापलेले दाखवत नाही. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनातून सुरुवातीला धुराचा एक हलका झोत येणे स्वाभाविक आहे. पांढऱ्या धुराचे लोट थांबतच नसतील, तर हवा व ऑइल वेगळे करणारा भाग गेलेला असतो. त्यानंतर किमान अर्धा तास गाडी चालवावी, पण टायरांची तारीख पाहिल्याशिवाय नाही.

टायरांविषयी मी जरा कठोर आहे. टायरच्या कडेवर छापलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ३२०४ याचा अर्थ २००४ सालचा ३२ वा आठवडा. इतक्या कमी चाललेल्या गाडीवर मूळचे टायर असण्याचा संभव बराच आहे, त्यांची नक्षीही खोल दिसेल, आणि विक्रेता तेच कौतुकाने दाखवील. रबर मात्र आतून कडक झालेले असते व त्याची पकड गेलेली असते. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात ज्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र यांचा मृत्यू झाला, ती पोर्शे कॅरेरा जीटी २००५ ची आणि फारच थोडी चाललेली होती. तपास अधिकाऱ्यांनी कारण म्हणून बेफाम वेगच नोंदवला, पण टायर नऊ वर्षांचे होते याचीही दखल घेतली. सहा वर्षांपुढचे टायर या गाडीवर मी ठेवणार नाही, आणि दहा वर्षांपुढच्या टायरवर महामार्गावरची चाचणीसुद्धा घेणार नाही.

आता पैशांचे पाहू. पहिली गाडी घेतली तर आयएमएस बेअरिंग बदलावे असे मी सुचवीन, आणि त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील काढावे लागत असल्याने त्याच खेपेला मागचा सील व लागल्यास क्लचही बदलणे सोयीचे ठरते. या सगळ्याला साडेतीन-चार हजार डॉलर धरावेत. चार टायरांना हजाराच्या पुढे, पाण्याचा पंप, कूलंटची टाकी, थर्मोस्टॅट व रबरी नळ्या मिळून दीड ते दोन हजार, आणि सर्व द्रव, बॅटरी, पट्टा व किरकोळ कामे यांना आणखी हजारभर. म्हणजे सात-आठ हजारांची सोय हाताशी ठेवल्याशिवाय ती गाडी आपण ज्या निश्चिंतपणे चालवू इच्छिता तशी चालवता येणार नाही. मागणीवर न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर, सुमारे १,८०० डॉलर, वेगळा. हिशेब ३६,००० च्या पलीकडे जातो. दुसऱ्या गाडीत यांतली मोठी कामे झालेली आहेत; टायर आणि काही रबरी बुश बदलावे लागले, तरी करासह ती वीस हजारांच्या आसपास थांबेल.

या फरकाच्या बदल्यात आपल्याला मिळतो तो अंतरमापकावरचा लहान आकडा, आणि आपण वर्षाला ४,००० मैल चालवणार आहात. पाच वर्षांनी ती गाडी ३१,००० मैलांची होईल, तेव्हा आज ज्या दुर्मिळतेचे पैसे आपण मोजले ती उरलेली नसेल, आणि पुढच्या खरेदीदाराच्या लेखी ती एक चांगली, जुनी बॉक्सस्टर असेल. ते टाळायचे तर गाडी चालवायची नाही, म्हणजे मालकांचा रविवारचा कार्यक्रम आपण आपल्या गॅरेजमध्ये पुढे चालू ठेवायचा. असे अनेकांचे होते. मैल वाढतील या धास्तीने ते पावसात गाडी काढत नाहीत, उन्हात काढत नाहीत, आणि अखेरीस काढतच नाहीत. ६२,००० मैलांची गाडी मात्र कशी चालवायची याची कुणालाच धास्ती नसते, आणि आपली सांगलीपासूनची इच्छा गाडी चालवण्याची होती, असे पत्रावरून मला तरी वाटते.

एक अपवाद सांगितला पाहिजे. '५५० स्पायडर' या आपल्या जुन्या गाडीच्या पन्नाशीनिमित्त पोर्शेने २००४ सालासाठी बॉक्सस्टर एसची एक खास आवृत्ती काढली होती. ५५० चे पदार्पण १९५३ चे, म्हणून गाड्याही १,९५३ च बनवल्या. त्यांचा रंग चंदेरी, छत तपकिरी, आणि गाडीच्या आत तिच्या क्रमांकाची पट्टी असते. आपण पाहिलेल्या गाडीचा रंग जुळतो, पण छताविषयी पत्रात काही नाही. ती याच आवृत्तीतली असेल तर संग्राहकांच्या दृष्टीने कमी मैलांना खरोखर मोल आहे, आणि २७,५०० ही मागणी फारशी अवाजवी म्हणता येणार नाही. मात्र तेव्हाही बेअरिंग तेच आणि टायरांचे वयही तेच, त्यामुळे वरची कामे टळत नाहीत. फक्त त्यांवर खर्चलेले पैसे पुढेमागे परत मिळण्याची शक्यता वाढते.

खास आवृत्ती नसेल, पण दरवर्षीच्या ऑइलबदलाच्या पावत्या निघाल्या, इंजिनाचे तास जुळले आणि फिल्टर स्वच्छ निघाला, तर त्या गाडीला मी जास्तीत जास्त एकवीस हजार देईन. आकडा सांगताना तपासणीचा अहवाल आणि पुढच्या कामांचा लेखी अंदाज मालकांसमोर ठेवावा, म्हणजे आपण घासाघीस करीत आहात असे त्यांना वाटणार नाही. ते नाही म्हणाले तर आभार मानून निघावे. तोवर दुसऱ्या गाडीची तपासणी याच आठवड्यात ठरवून टाका, आणि तिच्या फाइलमध्ये बेअरिंग बदलल्याची जी पावती आहे तिच्यावर कार्यशाळेचे नाव, तारीख, त्या वेळचे मैल आणि बसवलेल्या भागाचा क्रमांक आहे का, ते पाहा. नसेल तर त्या कार्यशाळेला फोन करून खात्री करून घ्या. रोजच्या वापरासाठी दुसरी गाडी आणि कुलपाचे गॅरेज असेल, तर छंदाच्या गाड्यांसाठी मिळणारा ठरीव मूल्याचा विमाही आपल्याला घेता येईल, मात्र त्यात वर्षाच्या मैलांची मर्यादा ४,००० च्या वर आहे ना, एवढे सही करण्याआधी विचारून घ्यावे.